फूड पॅन्ट्रीच्या रांगेतली माणसं आजारी का असतात?

प्रश्न थोडक्यात असा आला आहे (फूड पॅन्ट्री म्हणजे गरजूंना मोफत किराणा देणारं केंद्र): "न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी मंडळातर्फे आम्ही काही जण महिन्यातून एका शनिवारी फूड पॅन्ट्रीत पिशव्या भरायला जातो. रांगेतले बरेच जण स्थूल दिसतात. बोलता बोलता कळतं की कुणाला डायबेटीस आहे, कुणाला बीपी. काही जण स्वतःच्या गाडीतून येतात. ही माणसं खरंच उपाशी आहेत का? की पॅन्ट्रीतलं डबाबंद खाऊनच ती आजारी पडतात? आणि मंडळाने नेमकं काय द्यावं?"

मी आहारतज्ज्ञ आहे. शिक्षण नागपूरला झालं आणि गेली अठरा वर्षं न्यू जर्सीतच एका सामुदायिक दवाखान्यात काम करते. त्याच इमारतीच्या तळघरात आठवड्यातून दोन दिवस पॅन्ट्री चालते. सकाळी वरच्या मजल्यावर ज्यांच्या शुगरचे रिपोर्ट बघते, त्यांतलीच काही माणसं दुपारी खाली पिशवी घेऊन उभी असतात. तुमच्यासारखाच प्रश्न पहिल्या वर्षी मलाही पडला होता, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मधल्या प्रश्नापासून सुरू करते. पॅन्ट्रीत जाणाऱ्यांची प्रकृती न जाणाऱ्यांपेक्षा वाईट असते, हे खरं आहे. फीडिंग अमेरिका ही देशभरातल्या सुमारे २०० फूड बँकांची, म्हणजे पॅन्ट्रींना माल पुरवणाऱ्या मोठ्या कोठारांची, संघटना. तिने २०१४ साली मोठी पाहणी प्रसिद्ध केली. मदत घेणाऱ्या कुटुंबांपैकी ३३ टक्के कुटुंबांत निदान एकाला डायबेटीस होता आणि ५८ टक्के कुटुंबांत कुणाला तरी उच्च रक्तदाब. हे आकडे ऐकून पॅन्ट्रीच्या डब्यांकडे बोट दाखवावंसं वाटतं. पण दवाखान्याच्या बाकावर बसलेली माणसं आजारी असतात म्हणून दवाखान्याने त्यांना आजारी पाडलं, असं आपण म्हणत नाही. ती आजारी होती म्हणूनच तिथे आली. पॅन्ट्रीचंही बऱ्याच अंशी तसंच आहे.

मी बघितलेला क्रम साधारण असा असतो. गोदामात माल उचलणारा माणूस. पाठ जाते, पाळ्या कमी होतात, मग नोकरीच जाते आणि तिच्यासोबत विमाही जातो. भाडं थांबत नाही, विजेचं बिल थांबत नाही. घरखर्चातली बाकीची सगळी कलमं ठरलेली, कुणी ना कुणी दारात येऊन वसूल करणारं. किराण्याची वसुली करायला कुणी येत नाही. म्हणून कात्री आधी किराण्याला लागते आणि नंतर औषधाला. त्याच पाहणीत ६६ टक्के कुटुंबांनी सांगितलं होतं की वर्षभरात कधी ना कधी अन्न की औषधपाणी, यातलं एक निवडावं लागलं. माणूस पॅन्ट्रीच्या दारात येतो तोवर हे सगळं होऊन गेलेलं असतं. पहिल्यांदा येणारी माणसं फार उशिरा येतात. आधी भावाकडून उसने, मग क्रेडिट कार्ड, मग आपलं जेवण कमी करून मुलांना वाढणं, आणि हे सगळं थकल्यावर पॅन्ट्री. अन्नाची चणचण असलेल्या कुटुंबांतही जी जास्त अडचणीत आणि जास्त आजारी असतात, तीच रांगेत जास्त दिसतात. त्यामुळे "पॅन्ट्रीत जाणारे विरुद्ध न जाणारे" अशी नुसती तुलना वाचाल तेव्हा त्यावरून कारण ठरवू नका.

आजारातून चणचण येते ती अशी. उलटी वाट, म्हणजे चणचणीतून आजार, तीही तितकीच खरी आहे, आणि ती कळण्यासाठी कॅलेंडर बघावं लागतं.

इथे सरकारी अन्नसाहाय्य स्नॅप कार्डावर येतं. जुनी माणसं त्याला अजून फूड स्टॅम्प म्हणतात. आपल्या राज्यात ते महिन्याच्या पहिल्या पाच तारखांत जमा होतं. देशाची सरासरी काढली तर माणशी दिवसाला सुमारे सहा डॉलर पडतात. पहिल्या आठवड्यात दूध, अंडी, चिकन, भाजी येते. पंधरा तारखेनंतर पास्ता आणि ब्रेड. वीस तारखेनंतर आमच्या तळघरातली रांग वळून पार्किंगपर्यंत जाते. सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉ. हिलरी सेलिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या इस्पितळांच्या २००० ते २००८ या काळातल्या नोंदी तपासल्या. रक्तातली साखर फार खाली गेल्यामुळे भरती होणारे रुग्ण त्यांनी महिन्याच्या आठवड्यांप्रमाणे मोजले. गरीब वस्त्यांतल्या रुग्णांमध्ये शेवटच्या आठवड्यातलं प्रमाण पहिल्या आठवड्यापेक्षा २७ टक्क्यांनी जास्त निघालं. सुस्थितीतल्या वस्त्यांत तसा चढ दिसला नाही. औषध तेच, आजार तोच, फक्त महिनाअखेर आणि रिकामं कपाट.

मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. एक गृहस्थ, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलते, रात्रपाळी करून थेट पॅन्ट्रीच्या रांगेत उभे होते. तारीख तेवीस की चोवीस. कपाळावर घाम, बाहेर मात्र जॅकेट घालण्याइतकी थंडी. हात थरथरत होते, पिशवीचा बंद बोटांत धरता येत नव्हता. मी खुर्चीवर बसवून बोटाला सुई टोचली. साखर ५२, म्हणजे धोक्याइतकी कमी. अर्धा कप संत्र्याचा रस दिला, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासली, मग पीनट बटर लावलेला ब्रेड दिला. जरा ठीक झाल्यावर विचारलं, "सकाळी काय खाल्लं?" म्हणाले, "चहा." "आणि गोळी?" "घेतली ना. डॉक्टरांनी सांगितलंय, गोळी चुकवायची नाही." काल रात्रीचा भात त्यांनी मुलांच्या डब्यासाठी ठेवला होता. गोळी ग्लिपिझाइड होती. ती स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. त्यांनी सांगितलेलं सगळं तंतोतंत पाळलं होतं. जेवायलाच काही नसेल तर गोळीचं काय करायचं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, कारण घरात जेवायला आहे का हे कुणी विचारलंच नव्हतं.

मीही विचारलं नव्हतं. त्याआधी दोनदा ते माझ्यासमोर बसले होते आणि दोन्ही वेळा मी त्यांना थाळीत भाजी किती आणि भात किती याचं चित्र दाखवून पाठवलं होतं. ती सल मनात आहे. तेव्हापासून प्रत्येकाला दोन प्रश्न विचारते. २०१० साली बालरोगाच्या क्षेत्रातल्या संशोधकांनी ते ठरवले आणि २०१५ पासून अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना ते विचारा असं सांगते. गेल्या बारा महिन्यांत, हातात पैसे येण्याआधी घरातलं अन्न संपेल अशी काळजी वाटली का? आणलेलं पुरलं नाही आणि आणखी आणायला पैसे नव्हते, असं झालं का? यांतल्या एकाला जरी "कधी कधी" असं उत्तर आलं, तरी माझा सगळा सल्ला बदलतो. आधी औषधांची यादी बघते, डॉक्टरांशी बोलते, आणि थाळीचं चित्र त्यानंतर.

आता स्थूलपणाचं. उपाशी माणूस हाडकुळाच असणार, हे चित्र आपण देशातून डोक्यात घेऊन आलो आहोत. मीही मेळघाटातल्या कुपोषणावरचे धडे शिकून आले होते. इथली उपासमार वेगळी दिसते. तिचं सरकारी नाव "अन्न असुरक्षितता" असं आहे आणि त्यात रोज उपाशी झोपणं लागत नाही. पुरेल की नाही याची खात्री नसणं, पोट भरतं पण काय खावं हे आपल्या हातात नसणं, हेही त्यात येतं. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या मोजणीत २०२३ साली इथली १३.५ टक्के कुटुंबं, म्हणजे सुमारे १ कोटी ८० लाख घरं, यात मोडत होती. अशा घरात एका डॉलरमागे सगळ्यात जास्त पोट कशाने भरतं? पास्ता, पांढरा ब्रेड, चिप्स, गोड पेय. ते लवकर खराब होत नाही, मुलं नाकं मुरडत नाहीत. शिवाय महिन्याच्या सुरुवातीला भरपूर आणि शेवटी ओढाताण असं चक्र चाललं की मिळेल तेव्हा खाऊन घेण्याची सवय अंगात भिनते. त्यात रात्रपाळी, अपुरी झोप आणि सतत डोक्यावर टांगलेली काळजी. घरातली आई या सगळ्यात सर्वांत जास्त भरडते, कारण ती स्वतःचं पान शेवटी वाढते आणि मुलांनी उरवलेलं खाते. हे आपल्याकडच्या वाचकांना वेगळं समजवायला नको.

गाडीबद्दल थोडंच लिहिते. आमच्याकडे येणाऱ्या एक पंचावन्नच्या बाई वृद्धांची घरी जाऊन शुश्रूषा करतात, सकाळी एका गावात, संध्याकाळी दुसऱ्या. मध्ये बस नाही. गाडी विकली तर नोकरी गेली. त्यांच्या नवऱ्याचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं, तेही त्याच गाडीतून. रांगेतली चकचकीत गाडी कधी शेजारणीची असते, कधी चांगले दिवस असताना हप्त्यावर घेतलेली. आत बसलेल्या माणसाला उतरायला किती वेळ लागतो, तेवढं बघा. काही जण दहा-दहा मिनिटं स्टिअरिंग धरून बसून राहतात, कुणी ओळखीचं दिसत नाही ना याची खात्री करत.

मग पॅन्ट्रीच्या डब्यांचा दोष काहीच नाही का? आहे, आणि तो झाकायचं मला कारण नाही. ही व्यवस्था आरोग्यासाठी उभीच राहिली नव्हती. १९६७ साली ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरात जॉन व्हॅन हेन्गेल यांनी पहिली फूड बँक काढली ती वाया जाणारं अन्न वाचवून गरजूंना देण्यासाठी. १९८१ साली सरकारने कोठारांत साठलेलं चीज वाटायला काढलं, कारण ते साठून बुरशी धरू लागलं होतं. १९८३ च्या कायद्याने त्याला जे रूप दिलं त्याच्या नावात "तात्पुरती" हा शब्द होता, तो १९९० मध्ये गळला. तातडीच्या दोन दिवसांसाठी केलेली सोय लोकांच्या दर महिन्याच्या किराण्याचा भाग झाली. दोन दिवस खारट सूप प्यायल्याने कुणाचं बिघडत नाही. वर्षानुवर्षं प्यायल्याने बिघडतं. साध्या चिकन नूडल सूपच्या घट्ट डब्याचं लेबल वाचा. एका वाढणीला जवळपास ९०० मिलिग्रॅम सोडियम, आणि डब्यात वाढण्या अडीच. एकटा राहणारा म्हातारा माणूस तो डबा एका बैठकीत संपवतो आणि दिवसभराची २३०० मिलिग्रॅमची मर्यादा तिथेच जवळजवळ गाठतो. त्याचा बीपी गोळ्यांना दाद देत नाही म्हणून वर डोस वाढवला जातो आणि खाली आम्ही त्याच्या पिशवीत आणखी दोन डबे टाकतो.

आता बदल होतो आहे. २०२० साली पॅन्ट्रींसाठी पोषणाची मार्गदर्शक तत्त्वं आली. मीठ, वरून घातलेली साखर आणि संपृक्त चरबी बघून पदार्थांना हिरवा, पिवळा, लाल असे रंग द्यायचे. पण माझ्या अनुभवात त्याहून मोठा फरक पडला तो बांधलेली पिशवी बंद केल्याने. आता लोक फळीवरून स्वतः निवडून घेतात. पूर्वी रांग संपल्यावर पार्किंगच्या कोपऱ्यात डबे ठेवून दिलेले सापडायचे. मला राग यायचा. मग एकदा एका आजोबांनी सफरचंदं परत केली आणि तोंड उघडून दाखवलं. खालचे चार दात उरले होते. एका बाईने सुके राजमे नको म्हटलं, कारण ती मोटेलच्या खोलीत राहत होती आणि तिथे फक्त मायक्रोवेव्ह होता. संधिवाताने बोटं वाकलेल्या माणसाला घट्ट झाकणाची बरणी उघडत नाही. माणसाची परिस्थिती त्याने परत केलेल्या वस्तूंतून कळते. आपण ती "माज" म्हणून वाचतो, तिथे चुकतो.

चांगलं अन्न दिलं की शुगर उतरते का, हा पुढचा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. मलाही वाटायचं की उतरेल. सेलिगमन यांच्याच गटाने तीन राज्यांतल्या फूड बँकांत डायबेटीसच्या लोकांना योग्य शिधा, तपासणी आणि शिकवणी देऊन पाहिली. सुरुवातीच्या प्रयोगात तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी, ती टक्क्यांत मोजतात) थोडी उतरलेली दिसली, ८.११ वरून ७.९६. मग २०१८ मध्ये चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडलेल्या, ५६८ जणांच्या नीट चाचणीचे निकाल आले. मदत मिळालेल्या लोकांची अन्नाची चणचण कमी झाली, भाज्या-फळं जास्त पोटात गेली, पण साखरेत दुसऱ्या गटापेक्षा फरक नाही. २०२३ च्या शेवटी आणखी एका चाचणीचा निकाल आला. त्यात तर आठवड्याला दहा जेवणांचा शिधा घरातल्या सगळ्यांसाठी होता, सोबत आहारतज्ज्ञही होते. सहा महिन्यांत मदत मिळालेल्यांची हीच सरासरी साखर १.५ ने उतरली, आणि न मिळालेल्यांची १.३ ने. दुसरा गट नसता तर सगळं श्रेय अन्नालाच गेलं असतं.

हे निकाल वाचून मी दोन दिवस खिन्न होते. आता मला वाटतं की अपेक्षाच चुकीच्या ठिकाणी ठेवली होती. दर आठवड्याच्या पिशवीने भाडं कमी होत नाही, रात्रपाळी बदलत नाही, इन्शुलिन परवडत नाही. अन्नाची काळजी मिटणं हीच तिची कमाई, आणि ती लहान नाही. रात्री झोप लागणं, मुलांना वाढताना हात आखडावा न लागणं, महिनाअखेरी चक्कर येऊन न पडणं, हे रक्ततपासणीच्या कागदावर येत नाही. पॅन्ट्रीकडून डायबेटीस बरा करण्याची अपेक्षा धरली की ती नापास ठरते आणि मग निधी आटतो, याची मला जास्त धास्ती आहे.

इथे आपल्या रेशनची आठवण होणं साहजिक आहे, पण दोन्हींत मूळचा फरक आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य गटातल्या कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य मिळतं आणि ते मागण्याचा त्याला हक्क असतो. दुकानदाराने नाही दिलं तर तक्रार करता येते. पॅन्ट्रीत तसं काही नाही. फळीवर आहे ते मिळेल, संपलं तर संपलं. हक्काच्या जवळ जाणारी इथली गोष्ट म्हणजे स्नॅप. म्हणून मी प्रत्येकाला पहिलं विचारते, अर्ज केला का? आपल्या राज्यात २०२३ पासून पात्र कुटुंबाला स्नॅपवर महिन्याला किमान ९५ डॉलरची सोय आहे. पात्र असूनही अर्ज न केलेले म्हातारे मला दर महिन्याला भेटतात.

आणि आपली माणसं? ती या रांगेत नसतात असं समजू नका. मुलाने ग्रीन कार्डावर आणलेल्या बहुतेक आईवडिलांना स्नॅपसाठी पाच वर्षं थांबावं लागतं. शिकायला आलेल्या मुलामुलींना तर ते मिळतच नाही, आणि नोकरी कॅम्पसवरच, सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांपर्यंत. कर्ज काढून आलेला मुलगा भाडं भरल्यावर जिथे काटकसर करतो ते ताट असतं. म्हणून आता कितीतरी विद्यापीठांत पॅन्ट्री आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या रांगेत एक मुलगा होता. मी मराठीत फोनवर बोलत होते ते ऐकून त्याने टोपी खाली ओढली. जवळ गेले तर हळूच म्हणाला, "काकू, घरी कुणाला कळू देऊ नका. आई रोज विचारते जेवलास का, आणि मी रोज वेगळी भाजी सांगतो." जालन्याकडचा होता. त्याचं वजन पाच महिन्यांत नऊ किलो उतरलं होतं. त्याला तांदूळ, मसूर, अंडी दिली आणि त्याच्याच विद्यापीठातल्या पॅन्ट्रीची वेळ शोधून दिली. ती त्याच्या वर्गापासून दोन इमारती पलीकडे होती. त्याला ठाऊक होती. तिथे वर्गातलं कुणी भेटेल म्हणून तो बसने आमच्याकडे येत होता.

शेवटी मंडळाने काय द्यावं ते. पहिली पसंती पैशाला. फूड बँक घाऊक दराने घेते, तुमच्या वीस डॉलरमध्ये तुम्ही आणाल त्याच्या कितीतरी पट माल ती आणते. वस्तूच द्यायच्या तर कमी मिठाचे बीन्स, पाण्यातला टुना, साखर न घातलेलं पीनट बटर, पाकाऐवजी रसातली फळं, ओट्स, तेलाच्या लहान बाटल्या. खारट बीन्स आलेच तर लोकांना सांगा, पाणी ओतून टाकून दाणे नळाखाली धुतले की सोडियम सुमारे ४० टक्क्यांनी कमी होतं. साबण, टूथपेस्ट, डायपर, सॅनिटरी पॅड हे स्नॅपवर घेता येत नाही, त्यामुळे ते आल्या आल्या संपतं. तूरडाळ जरूर द्या, पण भारतीय कुटुंबं येतात अशा पॅन्ट्रीत. इतर ठिकाणी ती फळीवर पडून राहते, नाहीतर सोबत कुणी तरी उभं राहून कशी शिजवायची ते दाखवा. आमच्याकडे एकदा वरण-भाताची चव दिली, तेव्हा अर्ध्या तासात चौदा पाकिटं गेली.

तुमचा शनिवार महिन्यातला पहिला असेल तर तो चौथा करून घ्या. दिवाळीत आणि थँक्सगिव्हिंगला आमची कोठी भरून वाहते, फेब्रुवारीत रिकामी असते, तेव्हा संकलन फेब्रुवारीत ठेवता आलं तर बघा. आणि डबे देणार असाल तर सोबत डबा उघडायची चावी द्या, साधी, हाताने फिरवायची. गेल्या महिन्यात एका माणसाने मला अंगठ्यावरची जखम दाखवली. त्याने डबा स्क्रू-ड्रायव्हरने उघडला होता, आणि त्याला डायबेटीस आहे, म्हणून ती जखम अजून भरलेली नाही.